मलप्पाच्या हातची कणीक

मित्रांनो, मी एक जुना मृदंग आहे. शिसवाच्या ओंडक्यातून माझं पोट कोरलं आणि दोन्ही बाजूंना बोकडाचं चामडं चढवलं. उजवं तोंड लहान. त्यावर काळ्या शाईचा गोल आहे, तो कायमचा. डावं तोंड मोठं, आणि त्यावर कायमचं असं काही नसतं. वाजवायच्या आधी गव्हाची कणीक मळायची, डाव्या तोंडावर थापायची, बोटांनी दाबून बसवायची. तेव्हा कुठं पोटातला तो खोल आवाज बाहेर येतो. वाजवून झालं की कणीक काढायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. दर कीर्तनाला नवी कणीक. कालची आज चालत नाही.

एवढं आधी सांगितलं, कारण माझ्या डाव्या तोंडावर एकदा कणीक लावली गेली आणि वर्ष होत आलं तरी ती कुणी काढली नाही. तिच्यात माझ्या धन्याची चार बोटं उमटली होती. धनी गेला. बोटं राहिली.

माझा धनी मलप्पा. चाकूरजवळच्या गावचा, कपाळाला विभूती आणि गळ्यात इष्टलिंग असलेला शांत माणूस. कंधारच्या अमृतरावांच्या वडिलांनी मला घडवलं तेव्हा मलप्पाला नुकती मिसरूड फुटत होती. त्यानं मला मांडीवर घेतलं, एक थाप मारली आणि लगेच हात उचलला. मी बोललो म्हणून तो दचकला होता. मग हसला. तेव्हापासून आम्ही बरोबर.

कीर्तनात काय होतं, ते तुम्ही कधी बसून ऐकलं आहे का? महाराज निरूपण करत असतात. सासू-सुनेचं सांगून हसवतात, मध्येच मरणाचं सांगतात, आणि सभामंडपात सगळं चिडीचूप होतं. त्या चिडीचूप जागी मलप्पा बोट हलवायचा. एकच बोट. माझ्या डाव्या तोंडातून असा हुंकार निघायचा, की मागच्या भिंतीला टेकून पेंगणारा म्हातारासुद्धा 'हर हर' म्हणत सरळ बसायचा. शिवनाम सप्ताहाच्या दिवसांत आम्ही गावोगाव फिरायचो. एसटीनं जायचो. त्या मार्गावर साहेबराव नावाचे कंडक्टर होते. गर्दी असली की ते माझ्यासाठी स्वतःची सीट द्यायचे आणि स्वतः दाराशी उभे राहायचे. "माणसं उभी राहतील, सूर उभा राहत न्हाई," असं म्हणायचे. ते जयंतीला विहारात गायचे. एसटीच्या त्या खडखडाटात ते गुणगुणायचे आणि मलप्पा समोरच्या दांडीवर बोटांनी ठेका धरायचा. ते दिवस मला आजही आठवतात.

गेल्या वर्षी बिलोलीच्या अलीकडच्या एका गावात सप्ताह होता. मलप्पानं कणीक लावली, चार बोटांनी दाबून बसवली. महाराज अजून यायचे होते. मलप्पानं डोकं माझ्यावर टेकलं. मला वाटलं, सूर ऐकतोय. पण डोकं जड होत गेलं.

त्याच्या लोकांत देह जाळत नाहीत, समाधी देतात. मलप्पाला शेताच्या कडेला बसवून समाधी दिली. मांडी घालून, पाठ ताठ. मृदंग घ्यायला बसावं तसा. मला मात्र घरी नेलं. एकही थाप न पडलेली कणीक माझ्या तोंडावर तशीच होती.

शरणम्मानं, त्याच्या बायकोनं, मला देवघराशेजारच्या खुंटीला टांगलं आणि सगळ्यांना बजावलं, "ह्या कणकेला कुणी हात लावायचा न्हाई. त्यांचा हात हाय तो."

ती रोज माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची. शेजारी पिठाची गिरणी होती. संध्याकाळी ती सुरू झाली की भिंत थरथरायची, आणि भिंतीबरोबर मी घुमायचो. शरणम्मा हात जोडायची. "आले," म्हणायची. मला सांगावंसं वाटायचं, अगं बाई, ही गिरणी आहे. पण मित्रांनो, खरं सांगतो. वीज नसायची, गिरणी बंद असायची, त्याही संध्याकाळी कधी कधी मी घुमलो आहे. त्याचं कारण मला आजही सांगता येत नाही.

दुसरीही एक गोष्ट होती. कणीक सुकते तशी आक्रसते. आक्रसताना खालचं चामडं ओढून धरते. दर महिन्याला मला तो हात जास्त घट्ट वाटायला लागला. मलप्पाचा हात जिवंतपणी कधी जड नव्हता. मेल्यावर त्यानं मला आवळून धरलं होतं.

मग बिलोलीकडून निरोप आला. त्या गावच्या पार्वतम्मांनी देवळात काचेचं कपाट करवून घेतलं होतं. मलप्पाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला त्याचा मृदंग त्या कपाटात ठेवायचा, कणकेसकट, कुलूप लावून. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दर्शन घ्यावं. त्याच संध्याकाळी वीरभद्र महाराजांचं कीर्तन. वर्षापूर्वी राहून गेलेलं तेच. त्याला मलप्पाची लेक अंजू वाजवणार होती, पण देवळातल्या दुसऱ्या मृदंगावर. शरणम्मा कबूल झाली. तिचे गुडघे प्रवासाचे नव्हते, म्हणून मला पोचवायला पोरंच निघाली.

मला पोचवायला. हा शब्द तुम्ही कधी वापरता, ते तुम्हांला ठाऊक आहे.

गाडी रविकिरणची, जुनी काळी-पिवळी. रविकिरण म्हणजे मलप्पाचा पुतण्या, चाकूर ते अहमदपूर प्रवाशांच्या फेऱ्या मारणारा, तोंडाचा फटकळ. त्याच्या शेजारी अंजू. मागं सुगत, मला मांडीवर धरून. सुगत हा साहेबराव कंडक्टरांचा नातू. लातूरला अंजूच्याच कॉलेजात होता आणि छान गायचा.

गाडी गावाबाहेर आली. इंजिनाच्या धडधडीनं मी घुमायला लागलो. हं... हं... असा बारीक हुंकार.

"ऐकलं का," रविकिरण म्हणाला, "काका बोलून राहिलेत."

"इंजिन हाय ते," सुगत म्हणाला.

"मंग बंद करून बघतो." त्यानं खरंच गाडी बाजूला घेतली आणि चावी फिरवली. हुंकार थांबला. सुगत हसणार, एवढ्यात माझ्या डाव्या तोंडातून 'टक्' असा आवाज आला. कोरड्या फांदीसारखा. दूर सोयाबीनच्या रानात टिटवी ओरडत होती.

"चालू कर गाडी," अंजू हळूच म्हणाली.

तो आवाज कणकेला पडलेल्या भेगेचा होता. मला माहीत होतं. पण कणकेला भेग पडते तेव्हा खालच्या चामड्यालाही पडू शकते, हेही मला माहीत होतं. मला तोंडं दोन, पण माणसाचा शब्द एकातूनही निघत नाही.

अहमदपूरला चहाला थांबले. भीती घालवायची म्हणून रविकिरण बोलायला लागला. त्याला शांत बसवतच नाही.

"काका म्हंजे लई साधे असं समद्यांना वाटतंय. पण अंजे, तू शाळेत होतीस तवा काकांनी एकदा आख्ख्या गावाला टांग मारली होती. आपल्याच गावचा सप्ताह. महाराज उभे राहिले, टाळकरी उभे राहिले, आन् मृदंग कुठंय? काका दुपारपासून गायब! मृदंगासकट. महाराजांनी नुसत्या झांजेवर कीर्तन उरकलं. माझ्या बानं, शिवप्पानं, दुसऱ्या दिवशी इचारलं, 'कुठं गेला होतास?' तर काका गप. एक शब्द बोलले न्हाईत. गावात बोलणं झालं, की मलप्पा शिंदी प्यायला गेला."

"अप्पा कधीच प्यायचे न्हाईत," अंजू ताडकन म्हणाली.

"मी कुठं म्हणतो? गाव म्हणत होतं. पण इचित्र हाय का न्हाई? त्यानंतर आख्खा पावसाळा त्यांनी मृदंगाला हात लावला न्हाई. लोक म्हणायचे, लाज वाटत आसंल."

अंजूनं चहा अर्धाच ठेवला. वडील गेल्यावर त्यांच्याबद्दल नवं काही कळलं की पोरीला आधी राग येतो. मी ते पाहत होतो. सुगत बशीकडे बघत बसला होता. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यानं परत गिळलं.

गाडी लोह्याकडे निघाली. रस्त्याचं काम चालू होतं, धूळ आत येत होती. सुगतनं गळ्यातल्या रुमालानं माझं डावं तोंड झाकलं. मग म्हणाला, "अंजू, त्या दिवशी काका आमच्या घरी होते."

अंजूनं मान मागं वळवली.

"आज्यानं अंथरूण धरलं होतं. बोलणं बंद झालं होतं. काकांना कसं कळलं माहीत न्हाई. भर दुपारी मृदंग खांद्यावर घेऊन आले. आजीला म्हणले, 'वहिनी, वाटीभर कणीक द्या.' आजीला वाटलं, चपातीला मागतेत. ती म्हणली, 'थांबा, मी करते.' तर म्हणले, 'मला न्हाई, ह्याला पाहिजे.'" सुगत जरासा हसला. "मग आज्याच्या उशाशी बसले. लई हळू वाजवलं. आज्याचं गाणं आज्याच्याच ठेक्यात. आज्याचे ओठ हलत होते. दिवस कलला तरी वाजवतच होते. आन् मधीच आज्याचे ओठ थांबले. आम्हांला समजलं न्हाई. काकांना समजलं. पण त्यांनी हात थांबवला न्हाई. आवर्तन पुरं केलं, समेवर आले, तवा थांबले."

गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता, आणि माझा.

"मग इतकी वर्सं सांगितलं कामून न्हाईस?" रविकिरणनं विचारलं. आवाजातला फटकळपणा गेला होता.

"आजीनं सांगू दिलं न्हाई. म्हणली, 'देवाचं कीर्तन सोडून आपल्या घरी बसला असं कळलं तर त्या माणसाला बेजार करतील. त्यापेक्षा लोकांना वाटू दे शिंदी प्याला.' काकांनीबी तेच वाटू दिलं."

"आन् पुढं?" अंजू म्हणाली. "पावसाळाभर हात का न्हाई लावला?"

"ते मला माहीत न्हाई. त्या दिवशी मृदंग तसाच उचलून गेले. कणकेसकट."

मला माहीत होतं मित्रांनो. सगळं मलाच माहीत होतं.

कंधारला अमृतरावांचं दुकान आहे. घडवणाऱ्याच्या लेकाला एकदा भेटवून न्यावं, असं अंजूच्या मनात होतं. अमृतराव आता म्हातारे झालेत. दारात चामड्याच्या वाद्या वळत बसले होते. रुमाल बाजूला केला तशी त्यांनी वादी खाली टाकली.

"कुणी केलं हे?"

"अव्वा हात लावू देत न्हाई," अंजू म्हणाली. "अप्पांची शेवटची कणीक हाय."

"बापावरच गेलं की सगळं घर!" अमृतराव कडाडले. मग तिचा चेहरा पाहून जरा थंडावले. "बस, माय. तुझ्या बापानं पण मला एकदा असंच बेजार केलं होतं. पावसाळा सरल्यावर आला. डाव्या तोंडावर कणीक, तिला हिरवी बुरशी, कडेनं उंदरानं कुरतडलेलं. म्हणलं, 'मलप्पा, येडा झालास का? लेकराला शिकवतो तसं तुला शिकवू का आता?' तर म्हणतो, 'काढायला हात होत न्हाई अमृतराव. एक माणूस ह्या कणकेवर गेलाय. ही काढली की तो गेलाच, असं होईल.'"

सुगतनं खाली पाहिलं.

"मी म्हणलं, 'तू काढली न्हाईस म्हणून तो थांबला का?' मग म्हणतो, 'न्हाई. थांबला तो मृदंग.'" अमृतरावांनी नाक पुसलं. "हितंच बसून काढली त्यानं. कणकेबरोबर चामडं आलं. पार कुजलं होतं. मी नव्या चामड्याची पुडी चढवली. हे डावं तोंड माझ्या हातचं हाय, माझ्या बापाच्या हातचं न्हाई."

त्यांनी मला कानाशी धरून उजव्या तोंडावर टिचकी मारली, मग डावीकडे बोटाच्या पेरानं कणीक चाचपली.

"ह्यात अजून जीव हाय. पण ओढ बसलीय. अशीच राहिली तर फाटणार. काचेत ठेवा न्हाईतर सोन्यात ठेवा."

"मग तुम्हीच काढा," अंजू घाईनं म्हणाली. "आता. मी तिकडं बघते."

"मी? न्हाई माय." त्यांनी मला तिच्या हातात परत दिलं. "ज्याला वाजवायचंय त्यानं काढायची. तुला वाजवायचा नसंल तर जा, ठेव कपाटात. लई छान दिसंल."

कंधार मागं पडलं. आता अंजू मागं बसली होती, मी तिच्या मांडीवर. नरसीपर्यंत रविकिरणनं गाणीही लावली नाहीत. दोन्ही बाजूंना काळी रानं, मध्येच हळदीचे हिरवे तुकडे. अंजूनं रुमाल काढला. आणि मित्रांनो, वर्षभरात पहिल्यांदा घरच्या माणसानं त्या कणकेला हात लावला. तिनं आपली चार बोटं त्या चार खुणांत ठेवली. तिची बोटं बारीक. खुणांत ती सैल पडली, वडिलांच्या चपलेत लेकराचा पाय पडतो तशी.

त्याच क्षणी मी घुमलो. इंजिन चालू होतं, म्हणून घुमलो असेन. पण अंजू खाली वाकून म्हणाली, "अप्पा, तुम्ही हाव का न्हाई, ते तरी सांगा."

मी काय सांगणार? मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडावर एक हात होता एवढंच मला समजत होतं, आणि तो सुटत नव्हता.

देवळासमोर गाडी थांबली तेव्हा ऊन कलत होतं. पार्वतम्मा पायरीवर उभ्या होत्या. जाड काचेचा चष्मा, हातात किल्ली. "या गं माय, शरणार्थ! आणलं का आमच्या मलप्पाला?" त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि पोरांना आत नेलं. कपाट खरंच सुंदर होतं. आत लाल मखमल, वर रंगीत दिव्यांची माळ, दाराला पितळी कुलूप. दिवे लुकलुकत होते. आतली हवा कोंदट होती, नव्या रंगाचा वास येत होता. दार उघडलं, आणि मला मलप्पाची समाधी आठवली. त्याला बसवलं, आणि वरून माती लोटली. मला मखमलीवर बसवणार होते. माती लोटणार नव्हते एवढाच फरक.

"थांबा जरा," अंजू म्हणाली. "पार्वतम्मा, त्या दिवशी तुम्ही जवळ होता ना? अप्पा काय म्हणले शेवटी?"

पार्वतम्मांनी चष्मा काढला. "सांगू का? तुला वाईट वाटंल."

"सांगा."

"कणीक मीच मळून दिली होती. त्यांनी लावली, दाबली, आन् माझ्याकडं बघून कपाळाला आठी घातली. म्हणले, 'पार्वतम्मा, कणीक सैल हाय. अजून पीठ द्या.' मी उठले पीठ आणायला. आले तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "देवाचं नाव घेतलं न्हाई, तुझं न्हाई, शरणम्माचं न्हाई. पिठाचं बोलून गेला माणूस. मला वर्षभर तेच खातंय, की माझी कणीक सैल होती."

अंजूच्या तोंडून हसू फुटलं. रडू आवरताना फुटतं तसं, पण हसूच. "घरीबी तेच म्हणायचे," ती म्हणाली. "अव्वाला रोज म्हणायचे. सैल हाय, घट्ट हाय. अव्वा म्हणायची, 'मग तुम्हीच मळा की!'"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, निराळ्या नजरेनं. आत्तापर्यंत ती त्या बोटांकडे बघत होती. आता तिला दिसलं, की ही कणीक तिच्या वडिलांना पसंतच नव्हती. ते ती काढणारच होते. पीठ आणायला उशीर झाला, एवढंच.

"पार्वतम्मा, हा कपाटात ठेवायचा न्हाई," ती म्हणाली. "आज मी ह्याच्यावरच वाजवते."

"अगं, पण मी गावभर सांगितलंय! मंग कपाटाचं काय करू?"

"मावशी, चपला ठेवा," रविकिरण म्हणाला. "देवळात लई चोरीला जातेत."

पार्वतम्मांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण अंजू हसत नव्हती. एक माणूस राहिलं होतं. तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अव्वा, ऐकून घे. अमृतरावकाका म्हणले, कणीक राहिली तर चामडं फाटंल. मी काढू का?"

पलीकडून काहीच आलं नाही. फक्त श्वास. सुगत भिंतीला टेकून उभा होता, रविकिरण पायरीवर बसला. मी तर सगळ्यांपेक्षा जास्त कान देऊन होतो. त्या बाईनं मला वर्षभर रोज विभूती लावली होती. माझ्यात तिचा नवरा होता. लेक तिला विचारत होती, त्याला जाऊ देऊ का.

"अव्वा? ऐकू येऊन राहिलं ना?"

"कोरडी खरवडू नको," शरणम्माचा आवाज आला. पार घोगरा. "कोमट पाणी घे. फडकं ओलं करून वर टाक, बसू दे. घाई करायची न्हाई. आन् नखं लावू नको. त्यांना नखं लावलेली आवडत नव्हती."

"हाव."

"नवी मळशील ती घट्ट मळ."

"हाव, अव्वा."

शरणम्मानं फोन ठेवला नाही. मग: "अंजू, बोटं हायत ना, तेवढी शेवटी काढ."

फोन बंद झाला.

ओलं फडकं माझ्या तोंडावर आलं. कोमट पाणी भेगांतून खाली झिरपलं. आधी आंबूस वास आला, मग ओल्या गव्हाचा. कणीक फुगली, मऊ झाली. आणि तो हात, मित्रांनो, जो वर्षभर मला आवळत होता, तो सैल पडला. अंजू कडेनं, बोटाच्या पेरानं काढत गेली. करंगळीची खूण सगळ्यांत शेवटी राहिली. तिनं तिच्यावर आपली करंगळी टेकवली, जराशी दाबली, आणि कणीक उचलली.

चामडं फाटलं नव्हतं. एक पांढरा वण मात्र राहिला, तो आजही आहे.

सुगतनं ती कणीक केळीच्या पानावर घेऊन देवळामागच्या बेलाच्या मुळाशी ठेवली. तो परत फिरण्याआधीच मुंग्यांनी रांग लावली होती. पार्वतम्मा नवी कणीक मळत होत्या. दर थोड्या वेळानं विचारत होत्या, "आता बघ गं, सैल न्हाई ना?"

दिवेलागणीला वीरभद्र महाराज उभे राहिले. सभामंडप भरला होता, बाया देवळाबाहेर पोत्यांवर बसल्या होत्या. अंजूनं मला मांडीवर घेतलं आणि पहिली थाप मारली.

माझा आवाज पहिल्यासारखा नव्हता. वणामुळे तो जरा बसका, घोगरा झाला होता. शरणम्माच्या फोनवरच्या आवाजासारखा. मी मलप्पाचा हात शोधला. तो नव्हता. तोंडावर नव्हता, पोटात नव्हता, कुठंच नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्याशिवाय होतो आणि मला भीती वाटली. पण वर एक हात होता. लहान, घामेजलेला, मध्येच चुकणारा. चुकला की तो घाईनं स्वतःला सावरत होता. निरूपणात महाराज मरणापाशी आले, मंडपात चिडीचूप झालं, आणि अंजूनं एक बोट हलवलं. मागच्या भिंतीजवळून कुणीतरी 'हर हर' म्हणालं. कीर्तन उठलं. महाराज जाताना तिला म्हणाले, "बाळ, गेल्या वर्षीचं कीर्तन आज पुरं झालं."

गर्दी निघून गेल्यावर अंजूनं मला कोपऱ्यात नेलं. पार्वतम्मा तिला जेवायला हाका मारत होत्या. तिनं आधी कणीक काढली, तोंड पुसलं, वणावरून फडकं हलकेच फिरवलं, मगच पानावर बसली. कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी अंजूबरोबर फिरतो. तिची कीर्तनं कधी लातूरकडे असतात, कधी नांदेडकडे. घरी असलो की संध्याकाळी शेजारची गिरणी लागते, भिंत थरथरते, मी घुमतो. शरणम्मा आता हात जोडत नाही. स्वयंपाकघरातूनच म्हणते, "गिरणी लागली वाटतं." आणि ज्या संध्याकाळी वीज नसते आणि मी तरीही घुमतो, त्या संध्याकाळी ती क्षणभर हातातलं काम थांबवते. काही बोलत नाही. मीही काही सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी मागं राहिलेली वस्तू असेल. बंद पडलेली सायकल असेल, शिवणाचं यंत्र असेल, एखादी पेटी असेल. तिला फुलं वाहा, तिच्यापाशी बसून रडा, पण तिला कुलूप लावू नका. ती वापरा, झिजवा, चुकत-माकत का होईना तिच्याकडून काम घ्या. आणि माझ्यासारखा एखादा मृदंग तुमच्या मांडीवर आला, तर वाजवून झाल्यावर, कितीही जिवावर आलं तरी, कणीक काढून माझं तोंड पुसा. मोकळ्या तोंडानं रात्र काढायची आम्हांला सवय आहे.